उडवण्याआधी पात्यावरून हात फिरवा

वाचकहो, बैलगाडीचा काळ ज्यांनी पाहिला आहे त्यांना एक गोष्ट नक्की आठवत असेल. गाडी जुंपण्याआधी घरातला कर्ता माणूस दोन्ही चाकांकडे जाई. आखाच्या टोकाला चाक अडवून धरणारी बोटभर लोखंडी खीळ जागेवर आहे ना, हे तो वाकून चाचपून पाही. खीळ डोळ्यांना दिसत असली तरी हात लावल्याशिवाय त्याचे समाधान होत नसे. खीळ निसटली की चाक निसटते, आणि भरली गाडी उताराला उलटली तर बैलही जातो आणि माणूसही.

आता गाड्या गेल्या, ट्रॅक्टर आले. आणि अलीकडे तर कपाशी-तुरीच्या शिवारावरून फवारणीचे ड्रोन घोंघावू लागले आहेत. यंत्र बदलले, पण खिळीवरून हात फिरवण्याची गरज काही संपली नाही. ड्रोनची खीळ म्हणजे त्याचे पंखे आणि ते धरून ठेवणारे चार-दोन पेच.

पाहिले होते, पण हात लावला नव्हता

आमच्या ओळखीच्या एका गावातली गोष्ट सांगतो. तूर फुलावर होती, शेंगा पोखरणारी अळी दिसू लागली होती. बचत गटाच्या एका ताईंनी रीतसर शिक्षण घेतलेले, ड्रोन गटाच्या मालकीचा. सकाळपासून दोन शेते झाली होती. तिसऱ्या शेताचे मालक, गावातले वडीलधारे आबा, बांधावर उभे राहून घाई करीत होते. "सूनबाई, उरका लवकर. वारं सुटलं म्हणजे औषध शेजाऱ्याच्या रानात जाईल." म्हणणे खोटे नव्हते. ताईंनी बॅटरी बदलली, टाकी भरली, पंख्यांकडे एक नजर टाकली आणि ड्रोन वर घेतला.

डोक्याएवढा वर गेला असेल नसेल, तोच आवाज बदलला. खडखड झाली, एक पाते सुटले आणि आबांच्या टोपीवरून सणसणत तुरीत जाऊन पडले. ड्रोन कलंडला तो थेट बांधावर. टाकी फुटली, दहा लिटर औषध मातीत गेले. आबा सात-आठ पावलांवर उभे होते. पाते वीतभर खालून आले असते तर आज ही गोष्ट वेगळ्या तऱ्हेने सांगावी लागली असती.

पुढे बारा दिवस ड्रोन दुरुस्तीला पडून राहिला. गटाची ठरलेली कामे हातची गेली, कर्जाचा हप्ता मात्र थांबला नाही. आबांच्या उंच वाढलेल्या तुरीत पाठीवरचा पंप घेऊन शिरायला माणूस मिळेपर्यंत अळीने आपले काम उरकून घेतले. आणि कारण काय निघाले? आधीच्या शेतात उतरताना बाभळीची एक फांदी पात्याला लागली होती. पाते मोडले नव्हते, म्हणून ताईंना ते ठीक वाटले. पण त्या हिसक्याने बुडाशी असलेला पेच ढिला झाला होता. ताई स्वतःच म्हणाल्या, "मी पाहिलं होतं, पण हात लावला नव्हता."

एवढ्याशा पात्यात एवढे काय?

थोडा हिशेब करू. दहा लिटरची टाकी भरलेला ड्रोन पंचवीस किलोच्या घरात जातो. पंखे सहा असले तर प्रत्येकाच्या वाट्याला चार किलोंहून जास्त ओझे येते. आता पात्याचा वेग पाहा. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत तीस इंच भरणारा पंखा मिनिटाला तीन हजार फेरे घेतो असे धरा. म्हणजे सेकंदाला पन्नास फेरे. एका फेऱ्यात त्याचे टोक सुमारे २.४ मीटर जाते, म्हणजे सेकंदाला सुमारे १२० मीटर. ताशी हिशेब केला तर चारशे किलोमीटरच्या वर! एवढ्या वेगाने फिरणारी वस्तू सुटली की ती पाते राहत नाही, गोफणीतला धोंडा होते.

पाते सुटले नाही, नुसते ढिले असले तरी नुकसान चुकत नाही. ढिले किंवा टवका उडालेले पाते तोल बिघडवते. तोल बिघडला की सगळा ड्रोन थरथरतो. त्या थरथरीने शेजारचे पेच सैल होतात, मोटरीचे बेअरिंग झिजते, आणि ड्रोन सरळ आहे की कललेला हे सांगणारे आतले यंत्रही गोंधळते. औषध सारखे पडत नाही, ते वेगळेच. तेव्हा एक पेच हा एकट्याचा प्रश्न नाही.

पेच ढिले होतात तरी कसे? पहिले कारण थरथर. दुसरे, मोटर क्षणोक्षणी वेग वाढवते आणि कमी करते, प्रत्येक वेळी पात्याच्या बुडाला हिसका बसतो. तिसरे, टेम्पोतून किंवा ट्रॉलीतून कच्च्या रस्त्याने केलेला प्रवास. आणि चौथे, उतरताना लागलेल्या काडी-फांदीचा मार. म्हणून सकाळी घरी तपासले की दिवसभराचे काम झाले, असे मानू नका. जागा बदलली, काही लागले, आवाज वेगळा आला, की पुन्हा तपासा.

तपासणी अशी करा

पहिली गोष्ट, बॅटरी काढून ठेवा. बॅटरी जोडलेली असताना पंख्याला हात लावायचा नाही. मळणी यंत्र चालू असताना त्यात हात घातलेल्यांचे हात आपण पाहिले आहेत. त्यातून शिकू या.

मग एका बाजूने सुरुवात करून सहाही दांडे क्रमाने घ्या. दांडा जिथे मुडपतो त्या सांध्यावरचा पेच किंवा कडी पुरती बसली आहे ना, दांडा धरून हलवून पाहा. तिथे खडखड नको.

नंतर मोटर. हाताने हळू फिरवा. ती मऊ फिरली पाहिजे. खरखर लागली किंवा मोटर दांड्यावर डुगडुगली, तर तिथेच थांबा.

आता पाते. ते आधी ओल्या फडक्याने पुसा, कारण वाळलेल्या औषधाच्या थराखाली तडा लपतो. हातमोजा घाला, औषधाचा अंश पात्यावर असतोच. मग पात्याच्या दोन्ही कडांवरून आणि बुडापासून टोकापर्यंत सावकाश बोट फिरवा. बोट अडखळले की नीट उजेडात धरा. पाते अगदी हलके वाकवले तर तडा तोंड उघडतो. बुडाशी, पेचाच्या भोकाभोवती, जास्त बारकाईने पाहा, कारण सगळा ताण तिथे येतो.

त्यानंतर पेच. पाते धरून वर-खाली हलवा. बुडाशी हालचाल जाणवली तर पेच आवळा, पण कंपनीच्या पुस्तकात सांगितला आहे तेवढाच. जोर आहे म्हणून पिळत सुटलात तर पेचाचे आटे जातात नाहीतर पात्याचे बूड तडकते. मुडपणारी पाती फार सैल नकोत आणि फार घट्टही नकोत. हाताने उघडताना थोडा अडथळा लागावा, आणि तो सर्व पात्यांना सारखा असावा.

इथे एक सोपी युक्ती सांगतो. पेच नीट आवळल्यावर पेचाच्या डोक्यावरून शेजारच्या भागावर नखपॉलिशची एक बारीक सरळ रेघ ओढा. पेच थोडाही फिरला तरी रेघ तुटलेली दिसते. अर्थात रेघ दिसली म्हणून हात लावणे सोडू नका.

पाते बदलले असेल तर दिशाही पाहा. शेजारशेजारचे पंखे एकमेकांच्या उलट फिरतात. म्हणून उजवे आणि डावे अशी दोन तऱ्हेची पाती असतात आणि त्यावर तशी खूण असते. डाव्याच्या जागी उजवे बसले की हवा खाली न ढकलता वर ढकलली जाते आणि ड्रोन जमीन सोडतानाच उलटतो.

सगळे ठीक असले की लोकांना दूर करून ड्रोन डोक्याएवढ्या उंचीवर काही क्षण स्थिर धरा. कान द्या. सवयीच्या आवाजात फरक वाटला तर खाली घ्या. पंखे पूर्ण थांबल्याशिवाय जवळ जाऊ नका.

टवका उडालेले पाते डिंकाने, चिकटपट्टीने सांधू नका. ते फेकून द्या. फेकण्याआधी मोडून टाका, म्हणजे घाईत कोणी पुन्हा बसवणार नाही. जोडीतले एक पाते गेले तर दोन्ही बदला, कारण जुन्या-नव्याचे वजन जुळत नाही. २०२३ साली केंद्र सरकारने पंधरा हजार महिला बचत गटांना ड्रोन देण्याची योजना मंजूर केली. तिच्या संचात सहा पंख्यांचा एक जादा जोड दिलेला आहे. तो पेटीत जपून ठेवण्यासाठी नाही, वापरण्यासाठी आहे.

शेतमालकाचेही काम आहे

तुम्ही म्हणाल, ड्रोन आमचा नाही, आम्ही भाड्याने बोलावतो, मग हे आम्हाला कशाला? पण वर सांगितलेल्या गोष्टीत घाई कोणाची होती, ते आठवा. फवारणीला एकराला दहा मिनिटेही लागत नाहीत. मजूर लावून जे काम दिवसभर चालले असते ते तासाभरात होते. त्यातली पाच मिनिटे तपासणीला दिली तर आपले काय जाते?

ड्रोन चालवणाऱ्याकडे परवाना आहे का, तेही विचारा. २०२१ च्या ड्रोन नियमांप्रमाणे फवारणीचा ड्रोन चालवायला शिक्षण आणि दूरचालकाचे प्रमाणपत्र लागते. विचारण्यात कोणाचा अपमान नाही. आणि ड्रोन वर जाताना मुलांना, जनावरांना लांब ठेवा. पोरांना मौज वाटते, ती धावत येतात. बायांनी पदर खोचावा, ओढणी बांधून घ्यावी. बांधावर बघ्यांची गर्दी नको.

ड्रोन वाईट आहे असे मात्र कोणी समजू नये. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन कितीतरी शेतकऱ्यांचे आणि शेतमजुरांचे प्राण गेले, ते आपण विसरलेलो नाही. विषाच्या तुषारात चालण्यापासून माणसाला वाचवणारे हे यंत्र आहे. ते आपल्या निष्काळजीपणाने जीव घेणारे होऊ नये, एवढेच म्हणणे.

त्या ताई आता पुन्हा कामाला लागल्या आहेत. त्यांच्या पिशवीत एक वही असते. प्रत्येक शेताला दांडा, मोटर, पाते, पेच अशा चार खुणा झाल्याशिवाय त्या बॅटरी जोडत नाहीत. परवा कोणीतरी घाई केली तेव्हा त्यांच्या आधी आबाच बोलले. "थांब रे बाबा, तिचा हात फिरू दे."

आपल्याही बांधावर ड्रोन येईल तेव्हा हेच म्हणा.