स्वनिर्मित सी.एन.सी. यंत्रांतील स्थान-अचूकता व विद्युत व्यत्यय : दोषनिदानाची क्रमबद्ध पद्धत

सारांश : महाविद्यालयीन प्रकल्पांतून तयार होणारी सी.एन.सी. यंत्रे अनेकदा चालू होतात, परंतु दिलेल्या मापाचे काम देत नाहीत. प्रस्तुत लेखात मापातील चुकीच्या स्वरूपावरून तिचे कारण कसे ओळखावे, यांत्रिक दोष व विद्युत व्यत्यय यांत भेद कसा करावा आणि उपाय कोणत्या क्रमाने योजावेत, याचे विवेचन केले आहे.

बीजशब्द : सी.एन.सी., स्टेपर मोटर, स्थान-अचूकता, बॅकलॅश, विद्युत व्यत्यय, अर्थिंग.

१. प्रस्तावना

संगणकीय अंकांच्या आज्ञेने हत्यार चालविण्याची कल्पना अमेरिकेत जॉन पार्सन्स यांच्या कामातून पुढे आली व १९५२ साली एम.आय.टी. संस्थेत अशा मिलिंग यंत्राचे प्रात्यक्षिक झाले. पुढे अनेक दशके हे तंत्र मोठ्या कारखान्यांपुरतेच मर्यादित होते. २००५ साली इटलीत आर्डुइनो हा स्वस्त नियंत्रक फलक तयार झाला आणि २००९ पासून त्यावर चालणारी जीआरबीएल ही मुक्त आज्ञावली उपलब्ध झाली. त्यामुळे काही हजार रुपयांच्या सुट्या भागांतून यंत्र उभे करणे विद्यार्थ्यांच्या आवाक्यात आले.

पुणे जिल्ह्यात या विचाराची बीजे त्याहून जुनी आहेत. शिरूर तालुक्यातील पाबळ येथे डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ साली विज्ञान आश्रमाची स्थापना केली आणि हाताने काम करीत शिकण्याची पद्धत ग्रामीण शिक्षणात रुजविली. एम.आय.टी.च्या सहकार्याने उभ्या राहिलेल्या जगातील सुरुवातीच्या फॅब लॅबपैकी एक २००२ साली याच आश्रमात सुरू झाली. इंदापूर तालुक्यातील वालचंदनगर तर साखर कारखान्यांच्या यंत्रसामग्रीसाठी व अवजड अभियांत्रिकीसाठी प्रसिद्ध आहे. अशा परिसरातील महाविद्यालयांत स्वनिर्मित यंत्रांविषयी उत्साह असणे स्वाभाविक होय. मात्र ‘माप येत नाही’ या एकाच तक्रारीमुळे प्रकल्प अर्धवट सुटतो व यंत्र प्रयोगशाळेच्या कोपऱ्यात पडून राहते. विद्यार्थी एकामागून एक भाग बदलत जातात, खर्च वाढतो आणि मूळ दोष तसाच राहतो. निदानाची पद्धत ठाऊक नसणे हे यामागील मुख्य कारण आहे.

२. चुकीचे स्वरूप व तिचे कारण

यंत्र चुकते म्हणजे नेमके कसे चुकते, हा पहिला प्रश्न होय. चुकीचे चार प्रकार व्यवहारात आढळतात.

(अ) प्रमाणशीर चूक : १०० मि.मी. अंतरात ०.६ मि.मी. व २०० मि.मी. अंतरात १.२ मि.मी. फरक येत असेल, तर प्रतिमिलिमीटर पायऱ्यांची संख्या चुकीची भरलेली असते. सामान्य स्टेपर मोटर एका फेऱ्यात २०० पायऱ्या चालते. ड्रायव्हरने प्रत्येक पायरीचे ८ सूक्ष्म भाग केले व स्क्रू एका फेऱ्यात ५ मि.मी. सरकवीत असेल, तर १६०० भागिले ५ म्हणजे ३२० पायऱ्या प्रतिमिलिमीटर होतात. आज्ञा १०० मि.मी.ची व प्रत्यक्ष माप ९९.४ मि.मी. असल्यास नवी संख्या ३२० × १०० ÷ ९९.४, म्हणजे सुमारे ३२१.९ येते. हे माप शक्य तितक्या लांब अंतरावर व एकाच दिशेने सरकत घ्यावे. अन्यथा बॅकलॅशची चूक या संख्येत मिसळते.

(आ) दिशा बदलताना येणारी चूक : हाच बॅकलॅश, कार्यशाळेत याला ‘प्ले’ म्हणतात. डायल गेज लावून अक्ष एका दिशेने १ मि.मी. सरकवावा, गेज शून्यावर आणावा, आणखी १ मि.मी. पुढे व तितकेच मागे यावे. काटा शून्यावर परतण्यास जितका कमी पडेल तितका प्ले समजावा. ही क्रिया दहा वेळा केली तरी फरक तेवढाच राहतो, साचत नाही, हे या दोषाचे लक्षण आहे. सैल नट, सैल कपलिंग व स्क्रूच्या टोकाचे बेअरिंग ही त्याची नेहमीची स्थाने होत.

(इ) काटकोनातील चूक : ३०० × ४०० मि.मी.चा आयत कोरून दोन्ही कर्ण मोजावेत. अचूक काटकोनात प्रत्येक कर्ण ५०० मि.मी. येतो. कर्णांत १ मि.मी. फरक असेल, तर ४०० मि.मी.च्या बाजूस सुमारे ०.८ मि.मी. तिरकेपणा आहे असे गणिताने निघते. हा दोष सांगाड्याचा असून कोणत्याही विद्युत उपायाने तो जात नाही.

(ई) साचत जाणारी चूक : काम जसजसे पुढे सरकते तसतसे शून्यस्थान ढळत जाते. हा प्रकार सर्वांत फसवा आहे, कारण तो यांत्रिक व विद्युत अशा दोन्ही कारणांनी उद्भवतो.

यांखेरीज तापमानाचाही विचार करावा लागतो. पोलाद एक अंश सेल्सिअसला प्रतिमीटर सुमारे ०.०१२ मि.मी. वाढते. सकाळ व दुपार यांत १० अंशांचा फरक पडला, तर ५०० मि.मी.चा स्क्रू सुमारे ०.०६ मि.मी. लांबतो. इंदापूरच्या उन्हाळ्यात एवढा फरक सहज पडतो. त्यामुळे मापन एकाच वेळेस करणे श्रेयस्कर ठरते.

३. यांत्रिक की विद्युत? भेद ओळखण्याच्या दोन कसोट्या

पहिली कसोटी ढळलेल्या अंतराची आहे. स्टेपर मोटरवर झेपेल त्याहून अधिक भार आला की तिचा रोटर चार पूर्ण पायऱ्यांच्या पटीत घसरतो, कारण चार पायऱ्यांनी तिचे विद्युत चक्र पूर्ण होते. वरील उदाहरणात चार पायऱ्या म्हणजे फेऱ्याचा पन्नासावा भाग, अर्थात ०.१ मि.मी. म्हणून चूक ०.१, ०.२, ०.३ अशा टप्प्यांत येत असेल, तर वेग किंवा प्रवेग जास्त आहे, प्रवाह कमी आहे किंवा मार्गिका अडकते आहे असे समजावे. याउलट एक स्पंद चुकीने वाढला वा हरवला, तर अवघ्या ०.००३ मि.मी.चा फरक पडतो. त्यामुळे कोणत्याही टप्प्यात न बसणारी व हळूहळू साचणारी चूक स्पंदांच्या मोजणीतील दोष दर्शविते. ती दिशाबदलांच्या संख्येनुसार वाढत असल्यास स्पंदाची ध्रुवता किंवा दिशा-संकेताची वेळ तपासावी. हा दोष बहुधा नियंत्रकाच्या मांडणीत असतो. तो व्यत्यय नव्हे.

दुसरी कसोटी तुलनेची आहे. एकच आज्ञावली तीन वेळा चालवावी : प्रथम स्पिंडल बंद ठेवून हवेत, नंतर स्पिंडल चालू ठेवून हवेत आणि शेवटी प्रत्यक्ष कापताना. पहिल्याच फेरीत चूक आली, तर दोष यांत्रिक किंवा मांडणीतील आहे. दुसऱ्या फेरीत प्रथमच आली, तर विद्युत व्यत्यय संभवतो. केवळ तिसऱ्या फेरीत आली, तर कापण्याचा भार तपासावा. या साध्या प्रयोगाने अनेक दिवसांचा निष्फळ खटाटोप वाचतो.

४. विद्युत व्यत्यय : उगम, मार्ग व उपाय

व्यत्ययाचे तीन घटक असतात : उगम, मार्ग व ग्राहक. स्पिंडलचा व्ही.एफ.डी., ब्रश असलेली मोटर, रिले व कॉन्टॅक्टर हे नेहमीचे उगम होत. ग्रामीण भागात त्याच वाहिनीवरील शेतीपंप सुरू होताना येणारा दाबातील झोकाही नियंत्रकास पुन्हा आरंभ करावयास लावू शकतो. ग्राहक बहुधा लिमिट स्विचची लांब तार, यू.एस.बी. जोडणी किंवा स्पंद-तार असते.

उपाय उगमापासून आरंभावेत. स्पिंडलची केबल शील्ड असलेली घेऊन तिचे शील्ड व्ही.एफ.डी. व मोटर अशा दोन्ही टोकांना अर्थ करावे. संकेत-तारांचे शील्ड मात्र सामान्यतः नियंत्रकाच्या बाजूसच जोडावे. डी.सी. रिलेच्या कॉइलवर उलट दिशेने डायोड लावावा; ए.सी. कॉन्टॅक्टरवर रोध व धारित्र यांची जोडी लावावी. शक्ती-तारा व संकेत-तारा वेगळ्या मार्गाने न्याव्यात आणि एकमेकींना ओलांडावेच लागल्यास काटकोनात ओलांडाव्यात.

लिमिट स्विच नेहमी बंद राहणाऱ्या प्रकारचा जोडावा. तार तुटल्यास यंत्र थांबते, हा त्याचा आणखी एक लाभ होय. स्विचच्या वाटेवर ४.७ किलोओहमचा रोध व ०.१ मायक्रोफॅरडचे धारित्र लावल्यास सुमारे अर्ध्या मिलिसेकंदाची गाळणी तयार होते व क्षणिक काटे गळून जातात. हीच गाळणी स्पंद-तारेवर कधीही लावू नये. तेथील स्पंद केवळ काही मायक्रोसेकंदांचा असल्याने तोही गळून जाईल व चूक वाढेल.

५. अर्थिंग व सुरक्षितता

अर्थची तार काढल्यावर व्यत्यय कमी होतो, असा अनुभव काही वेळा येतो आणि ती तार कायमची काढून टाकली जाते. काही ठिकाणी न्यूट्रललाच अर्थ समजून सांगाड्यास जोडले जाते. या दोन्ही गोष्टी प्राणघातक आहेत. मोटरचे आवरण निकामी झाल्यास संपूर्ण सांगाडा विद्युतभारित होऊन विद्यार्थ्याच्या जिवावर बेतू शकते. व्यत्यय अर्थमुळे नव्हे, तर अर्थच्या तारांचे वळसे बनल्यामुळे येत असतो. सांगाडा, व्ही.एफ.डी. व वीजपुरवठा यांच्या अर्थ-तारा स्वतंत्रपणे एकाच बिंदूवर आणाव्यात. तेथून एक जाड तार अर्थिंगच्या खड्ड्यापर्यंत न्यावी. इंदापूरसारख्या अवर्षणप्रवण तालुक्यात उन्हाळ्यात जमीन कोरडी पडून तिचा रोध वाढतो. म्हणून खड्डा ओलसर ठेवणे व अर्थचा रोध उन्हाळ्यातच मोजणे आवश्यक ठरते. पुरवठा बंद केल्यावरही व्ही.एफ.डी.मधील धारित्रे काही मिनिटे भारित राहतात, ही सूचना प्रयोगशाळेत ठळकपणे लावावी.

६. समारोप

स्वनिर्मित यंत्राची अचूकता महागड्या भागांपेक्षा निदानाच्या शिस्तीवर अधिक अवलंबून असते. सांगाडा, मार्गिका व स्क्रू प्रथम, प्रतिमिलिमीटर पायऱ्या त्यानंतर, वेग व प्रवाह त्यापुढे आणि विद्युत व्यत्यय शेवटी, हा क्रम पाळल्यास एका दोषावर दुसऱ्याचे पांघरूण पडत नाही. प्रत्येक वेळी एकच बदल करून मापाची नोंद ठेवणे हा या पद्धतीचा गाभा आहे. प्रकल्पाचे मूल्यमापन करताना प्राध्यापकांनी चालू यंत्राइतकेच महत्त्व या नोंदवहीस द्यावे. यंत्र कालांतराने जुने होईल. परंतु चूक मोजून तिचे कारण शोधण्याची सवय विद्यार्थ्यास कोणत्याही कार्यशाळेत उपयोगी पडेल.