देवबाग : खाडी आणि समुद्राच्या मधले मच्छीमार गाव

मालवणच्या दक्षिणेला तारकर्ली संपते तेथे देवबाग सुरू होते. पश्चिमेला अरबी समुद्र, पूर्वेला कर्ली नदीची खाडी आणि दक्षिण टोकाला दोघांचा संगम, अशा वाळूच्या चिंचोळ्या पट्टीवर हे गाव वसले आहे. जमिनीने जोडलेली बाजू फक्त उत्तरेची. संगमापलीकडचे भोगवे गाव डोळ्यांसमोर दिसते. होडीने काही मिनिटांत गाठता येते, पण रस्त्याने जायचे तर सगळ्या खाडीला वळसा पडतो.

मालवण तालुक्यात अशी आणखीही गावे आहेत. गड नदीच्या कालावल खाडीच्या मुखाशी तळाशील अशाच पट्टीवर उभे आहे, तर त्याच खाडीतली खोतजुवा आणि पाणखोल जुवा ही चहूबाजूंनी पाण्याने वेढलेली, वस्ती असलेली बेटे आहेत. मालवणसमोरच्या कुरटे बेटावर छत्रपती शिवाजी महाराजांनी १६६४ मध्ये सिंधुदुर्ग बांधायला घेतला. त्या किल्ल्यात आजही मोजकी कुटुंबे राहतात. पावसाळ्यात समुद्र खवळला की त्यांचा मालवणशी संपर्क तुटतो.

वाळूतले गोडे पाणी

समुद्राला इतके लागून असलेले गाव टिकते ते पावसाच्या पाण्यावर. वाळूत झिरपलेले पावसाचे पाणी खाऱ्या पाण्यापेक्षा हलके असल्याने त्याच्यावर तरंगत राहते. त्यामुळे पुळणीपासून हाकेच्या अंतरावरच्या विहिरीलाही गोडे पाणी लागते. कुरटे बेटावरच्या दूधबाव, दहीबाव आणि साखरबाव या विहिरींचे पाणीही गोडे आहे. वाळूतला हा साठा मात्र मर्यादित असतो. पंप लावून जास्त उपसा केला की खालचे खारे पाणी वर चढते आणि एकदा बिघडलेली विहीर सुधारायला पुढचे पावसाळे लागतात.

मासेमारीचे वर्ष

या किनाऱ्यावर मासेमारी करणारा प्रमुख समाज गाबीत. त्यांचे वर्ष पावसाळ्यापासून मोजावे लागते. १ जून ते ३१ जुलै या काळात यांत्रिक नौकांना समुद्रात मासेमारीची बंदी असते. अनेक जातींच्या माशांचा हा प्रजननाचा हंगाम. त्याआधी, मे महिन्यातच घराघरांत आगोटीची, म्हणजे पावसाळ्याची, बेगमी होते : खारवलेला बांगडा, सुकी कोळंबी, तांदूळ, जळाऊ लाकूड. बंदीच्या दिवसांत आधार खाडीचा. ओहोटीला बायका खाडीतून तिसऱ्या, मुळे असे शिंपले काढतात, खडकांवरची कालवे फोडतात. पुरुष पाग टाकून मासे पकडतात.

नारळी पौर्णिमेला समुद्राला नारळ अर्पण झाला की नव्या हंगामाची खऱ्या अर्थाने सुरुवात होते. पावसानंतर बांगडा आणि तारली यांचे थवे किनाऱ्याजवळ येतात. पुढच्या महिन्यांत सुरमई, सरंगा, मोरी, कोळंबी अशी मासळी कांडाळीत आणि इतर जाळ्यांत मिळते.

रापण

या किनाऱ्याची खास मासेमारी म्हणजे रापण. जाळ्याच्या दोराचे एक टोक किनाऱ्यावर ठेवून होडी समुद्रात जाते, अर्धवर्तुळात जाळे सोडत पुन्हा किनाऱ्याला लागते आणि मग दोन्ही बाजूंचे दोर धरून माणसे जाळे ओढू लागतात. हे काम एका घराचे नाही. जाळे आणि होडी रापणीच्या संघाची असते आणि मिळालेल्या मासळीची वाटणी ठरलेल्या हिश्शांनी होते. दोर ओढायला हात लावणाऱ्यालाही कालवणापुरते मासे मिळतात. किनाऱ्यावरच लिलाव होतो आणि विक्री बहुतेक बायकांच्या हाती असते. घरात पैसा किती आला आणि तो कशावर खर्च करायचा, हे ठरवण्यात म्हणूनच त्यांचा वाटा मोठा आहे.

रापणीला डिझेल लागत नाही, पण मासा स्वतःहून किनाऱ्याजवळ यावा लागतो. तिची खरी अडचण हीच आहे.

मासा किनाऱ्यापर्यंत का येत नाही

पर्ससीन जाळे खोल पाण्यातल्या थव्याला वेढा घालते आणि बटव्याची नाडी ओढावी तसे खालून आवळले जाते. अख्खा थवा एका वेळी हाती लागतो. किनाऱ्याकडे निघालेला बांगडा वाटेतच संपतो. मलपीसारख्या बंदरांतून येणारे परराज्यांतले हायस्पीड ट्रॉलर आणि रात्री प्रखर दिवे लावून होणारी एलईडी मासेमारी यांनी पारंपरिक मच्छीमारांचा घास आणखी हिरावला.

या प्रश्नावर मालवणात वर्षानुवर्षे आंदोलने झाली. महाराष्ट्र सागरी मासेमारी नियमन अधिनियम १९८१ चा आहे. ५ फेब्रुवारी २०१६ च्या आदेशाने राज्याने पर्ससीन मासेमारीचा हंगाम सप्टेंबर ते डिसेंबर एवढाच ठेवला आणि परवाने टप्प्याटप्प्याने कमी करण्याचे ठरवले. २०१७ मध्ये केंद्र सरकारने एलईडी दिव्यांवरच्या मासेमारीला बंदी घातली. २०२१ च्या सुधारणेने दंड वाढला आणि कारवाईचे अधिकार तहसीलदारांऐवजी मत्स्यव्यवसाय अधिकाऱ्यांकडे आले. नियम आहेत, समुद्रावर ते पाळले जातात की नाही हे पाहणाऱ्या गस्तीवर सारे अवलंबून आहे. समुद्राचे तापमान बदलले की तारलीचे प्रमाण निसर्गतःही वर-खाली होते. अशा वर्षी बेकायदा मासेमारीचा फटका दुप्पट बसतो.

सरकणारा किनारा

मासे कमी होत असतानाच पायाखालची जमीनही जाते आहे. देवबागमध्ये उधाणाच्या भरतीला समुद्राचे पाणी वस्तीत शिरते, माडांची मुळे उघडी पडतात. २००९ चे फयान, २०१९ चे क्यार आणि २०२१ चे तौक्ते या चक्रीवादळांनी या किनाऱ्याला तडाखे दिले. दगडी बंधारा घातला की मागची घरे वाचतात, पण लाटांचा मार बंधाऱ्याच्या टोकांकडे सरकतो आणि पुढची वाळू वाहून जाते. मग होड्या ओढून ठेवायला आणि रापण ओढायला पुळणच उरत नाही. खाडीतला वाळूउपसा ही झीज वाढवतो, कारण किनाऱ्याची भर नदीने आणलेल्या वाळूनेही होते.

पर्यटनाचा आधार

तारकर्लीत पर्यटन विकास महामंडळाचे निवास उभे राहिल्यावर देवबागच्या घराघरांतही न्याहारी-निवासाच्या खोल्या निघाल्या. डॉल्फिन पाहायला नेणारी, संगमावरच्या ‘त्सुनामी आयलंड’ नावाने प्रसिद्ध झालेल्या वाळूच्या दांड्यावर सोडणारी होडी आज अनेक घरे चालवते. समुद्रतळाची माहिती असलेले तरुण स्कूबा डायव्हिंगचे मार्गदर्शक झाले. मुंबई-गोव्याला नोकरीसाठी जाणाऱ्यांतले काही त्यामुळे गावात राहिले.

पण हा व्यवसायही पावसाळ्यात बंद असतो आणि तो त्याच वाळूवर, त्याच विहिरींवर उभा आहे. बांधकामासाठी वाळूच्या टेकड्या सपाट केल्या तर उधाण अडवणारी नैसर्गिक भिंत जाते. समुद्रतळावरच्या प्रवाळांवर नांगर टाकला तर ते पाहायला येणारेही थांबतील.

पुढची वाट

या प्रवाळांसह इथल्या सागरी जीवांच्या रक्षणासाठी १९८७ मध्ये मालवण सागरी अभयारण्य जाहीर झाले. क्षेत्र २९.१२ चौरस किलोमीटर, त्यात ३.१८ चौरस किलोमीटरचा गाभा. मासेमारी बंद होईल या भीतीने मच्छीमारांनी त्याला विरोध केला. संरक्षणाची योजना गावाला विचारून, गावाच्या हाती देऊन केली पाहिजे, हा त्यातला धडा आहे. तशी उदाहरणे सिंधुदुर्ग जिल्ह्यातच आहेत. वेंगुर्ल्याच्या मांडवी खाडीत स्वामिनी महिला बचत गट कांदळवनाची सफर घडवतो. संयुक्त राष्ट्र विकास कार्यक्रमाच्या साहाय्याने सिंधुदुर्गात खेकडे आणि कालवे यांच्या संवर्धनाचे प्रयोग झाले. जाळ्यात अडकलेले कासव जाळे कापून सोडले तर मच्छीमाराला नुकसानभरपाई देण्याची राज्याची योजना आहे.

देवबाग आणि तळाशीलसारख्या गावांना लागणाऱ्या गोष्टी स्पष्ट आहेत : किनाऱ्यालगतच्या पाण्यात पारंपरिक मच्छीमारांचा हक्क आणि त्यासाठी वर्षभर गस्त, वाळूउपशावर कडक नियंत्रण, बंधारा बांधताना पुळण राखणारा आराखडा, विहिरींच्या उपशाला मर्यादा, बर्फ आणि शीतगृहाची सोय, म्हणजे बायकांना मासळी पडत्या भावाने विकावी लागणार नाही, आणि पर्यटनाचे परवाने देताना स्थानिकांना पहिला मान. पर्यटन मासेमारीला जोड देऊ शकते, तिची जागा घेऊ शकत नाही. वाळू, गोडे पाणी आणि किनाऱ्यापर्यंत येणारा मासा ही तिन्ही टिकली, तरच या गावांतल्या पुढच्या पिढीला येथे राहून पोट भरता येईल.