पाताळातील धारवाडी दगड

संशोधन संस्था म्हटली की उंच कुंपण आणि फाटकावरचा पहारेकरी डोळ्यांपुढे येतो. परंतु वर्षातून एखाददुसऱ्या दिवशी हा पहारेकरी बाजूस होतो. १९२८ साली रामन यांचा शोध ज्या दिवशी जाहीर झाला, तो २८ फेब्रुवारी हा राष्ट्रीय विज्ञान दिन. आणि २६ सप्टेंबर हा वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेचा स्थापना दिन. या सुमारास हैदराबादच्या राष्ट्रीय भूभौतिकीय संशोधन संस्थेसारख्या संस्था सर्वसामान्यांस खुल्या करण्याची प्रथा आहे. भूविज्ञानाच्या अशा मुक्तद्वार दिनी हुबळी-धारवाडच्या माणसाने अवश्य जावे. त्याला तेथे आपल्याच गावाचे नाव भेटेल.

ते भेटते दगडांत. गेल्या शतकाआधीच्या शतकात, १८८० नंतरच्या दशकात, रॉबर्ट ब्रूस फूट या भूवैज्ञानिकाने दक्षिणेतील सोन्याच्या खडकांस 'धारवाड' हे नाव दिले. आपल्याला धारवाड म्हटले की पेढा आठवतो. जगभरच्या भूवैज्ञानिकांस अडीचशे कोटी वर्षांहून जुना पाषाण आठवतो! महाराष्ट्राचा काळा पाषाण त्यामानाने अगदी अलीकडचा, सुमारे साडेसहा कोटी वर्षांचा. बेळगावच्या आसपास तो संपतो आणि त्याखालची जुनी जमीन उघडी पडते.

मुक्तद्वार दिनी मुलांची सर्वांत मोठी गर्दी भूकंपमापकाभोवती होते. जमिनीवर उडी मारली की रेषा नाचते. तत्त्व साधे आहे. जमीन हलली तरी लोंबकळणारे जड वजन क्षणभर जागीच राहू पाहते, आणि या दोहोंतील फरक यंत्र टिपते. भूकंपातून दोन प्रकारच्या लाटा निघतात, एक वेगवान व दुसरी संथ. विजेचा लखलखाट व गडगडाट यांतील अंतरावरून वीज किती दूर पडली हे आपण ताडतो, तसेच येथेही होते. कोयना धारवाडहून सरळ रेषेत सुमारे अडीचशे किलोमीटर. म्हणून तेथील धक्क्याच्या दोन लाटा धारवाडला सुमारे तीस सेकंदांच्या अंतराने पोहोचतात.

कोयनेचे नाव निघाले की हसणे थांबते. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे झालेल्या ६.३ प्रतीच्या त्या भूकंपात दोनशेच्या आसपास माणसे दगावली व कोयनानगर उद्ध्वस्त झाले. त्याआधी काही वर्षे शिवाजीसागर भरू लागला होता. पाण्याच्या भाराने आणि भेगांतून झिरपणाऱ्या पाण्याच्या दाबाने, आधीच ताणलेला खडक सरकण्यास निमित्त मिळाले, असे आज मानतात. निमित्त, मूळ कारण नव्हे. हा भेद ध्यानात घ्यावा. ताण मुळात तेथे नसता, तर नुसत्या पाण्याने एवढे काही घडले नसते.

धक्के अद्यापही बसतात, आणि त्यांचा उगम बहुधा दहा किलोमीटरच्या आतच असतो. म्हणूनच तेथवर छिद्र पाडून पाहावे, असा विचार पुढे आला. पृथ्वी विज्ञान मंत्रालयाची कऱ्हाड येथील प्रयोगशाळा हे काम पाहते. गोठणे येथील तीन किलोमीटर खोल विवर २०१७ साली पुरे झाले. सव्वा किलोमीटरपर्यंत काळा पाषाण लागला. त्याखाली लागला तो जुना ग्रॅनाइटसदृश खडक, धारवाडच्या प्राचीन भूभागाचाच उत्तरेकडे गाडला गेलेला भाग. कोयना हादरते ती या खडकातील भेगांमुळे.

"पुढचा भूकंप केव्हा?" हा प्रश्न पाहुणे विचारतातच. दिवस व वेळ आज कोणीही सांगू शकत नाही. जो सांगतो त्याच्यापासून दूर राहावे. घर कसे बांधावे, हे मात्र शास्त्र सांगू शकते. तेव्हा तेही विचारून घ्यावे. आणि जाताना आपल्या विहिरीतून निघालेला एखादा दगड पिशवीत टाकावा. तेथील मंडळी तो उलटसुलट करून पाहतील, भिंग लावतील, आणि तो कोणत्या कुळातला ते बहुधा जागीच सांगतील.