मूल शाळेत टिकावे म्हणून : कायदा आणि कुटुंबाचा आधार

मुलाचे नाव शाळेच्या पटावर आहे, म्हणजे ते शिकत आहे असे नव्हे. १९२७ साली मुंबई विधिमंडळात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हीच गोष्ट आकड्यांनिशी मांडली. प्राथमिक शाळेत दाखल होणाऱ्या १०० मुलांपैकी केवळ १८ चौथीपर्यंत पोहोचतात, उरलेली ८२ पुन्हा निरक्षर होतात, असे त्यांनी सांगितले.

शाळा चुकविणाऱ्या मुलाला आपण 'उनाड' म्हणून मोकळे होतो. पण धाकटे भावंड सांभाळणे, आईवडिलांबरोबर ऊसतोडीला जाणे, मागे पडलेला अभ्यास, माराची धास्ती, अशी कारणे बहुधा त्यामागे असतात. कायदा आणि आधार दोन्ही लागतात ते यासाठीच.

राजर्षी शाहू महाराजांनी कोल्हापूर संस्थानात १९१७ साली प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत केले. मूल न पाठविणाऱ्या पालकास दरमहा १ रुपया दंड ठेवला. परंतु केवळ दंडावर ते थांबले नाहीत. वसतिगृहे उघडली, शिष्यवृत्त्या दिल्या. बहिष्कृत हितकारिणी सभेनेही १९२५ साली सोलापुरात विद्यार्थ्यांसाठी वसतिगृह काढले.

१ एप्रिल २०१० पासून लागू झालेल्या शिक्षण हक्क कायद्याने ६ ते १४ वर्षांच्या मुलांना मोफत शिक्षणाचा हक्क दिला. मुलास शाळेत घालणे हे पालकांचे कर्तव्य ठरविले, पण त्यांच्यासाठी शिक्षा ठेवली नाही. मुलांच्या उपस्थितीवर लक्ष ठेवण्याची जबाबदारी स्थानिक प्राधिकरणावर टाकली. शाळा सुटलेल्या मुलास वयानुरूप वर्गात प्रवेश व विशेष प्रशिक्षण मिळते. मारहाणीस बंदी आहे आणि प्राथमिक शिक्षण पूर्ण होईपर्यंत मुलाला शाळेतून काढता येत नाही.

तरीही घरची अडचण कायद्याने आपोआप सुटत नाही. धाकटे भावंड अंगणवाडीत गेले, तर थोरलीला शाळेत जाता येते. ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठी गावातच हंगामी वसतिगृहाची सोय झाली, तर वर्षाचा अभ्यास बुडत नाही.

म्हणून आमची सभासदांना विनंती आहे की, वस्तीतील मूल सलग काही दिवस शाळेत दिसले नाही, तर प्रथम त्याच्या घरी जावे. दोष न देता कारण विचारावे. शाळा व्यवस्थापन समितीत ७५ टक्के सदस्य पालक असतात. तेथे हा विषय मांडावा. विद्यार्थ्यांनीही मागे पडलेल्या सोबत्याला रोज तासभर शिकवावे. शाळेबाहेर राहिलेले एक मूल म्हणजे आपल्या सर्वांवर राहिलेले ऋण होय.