चूल पास, स्वयंपाकघर धुरात

सुधारित चुलीची परीक्षा प्रयोगशाळेत होते. वाळलेल्या, एकसारख्या ढलप्या, मोजून घेतलेलं पाणी आणि आचेवरून नजर न हटवणारा तंत्रज्ञ. भारतीय मानक ब्यूरोच्या २०१३ च्या मानकानुसार पंखा नसलेल्या चुलीची औष्णिक कार्यक्षमता किमान २५ टक्के हवी. भांड्याला पोचलेल्या दर मेगाज्यूल उष्णतेमागे धुरातले कण ३५० मिलिग्रॅमपेक्षा जास्त नकोत. पंख्याच्या चुलीला ही मर्यादा १५० आहे.

घरी मात्र तीच चूल भाकरी भाजते. तव्याखाली पसरट आच लागते, भाकरी फुगवायला पुढे निखारे ओढावे लागतात. एकीकडे पीठ मळायचं, एकीकडे पोराला आवरायचं, मग लाकूड पुढे सरकवायचं राहून जातं. सरपण कधी बाभळीचं, कधी पऱ्हाट्या, कधी गोवऱ्या. पावसाळ्यात तर सगळंच ओलसर.

धूर होतो तो इथेच. लाकूड तापलं की त्यातून ज्वलनशील वायू सुटतात. हे वायू पेटतात तीच ज्वाळा. त्यांना पुरेशी उष्णता, हवा आणि मिसळायला जागा मिळाली, तर ते जवळपास पूर्ण जळतात. ओल्या लाकडाची उष्णता आधी पाण्याची वाफ करण्यात खर्च होते, आच मंदावते आणि अर्धवट जळलेले वायू काजळी व कार्बन मोनॉक्साइड होऊन बाहेर पडतात. तोंडाशी लाकडं कोंबली की हवाही अडते.

अर्थशास्त्रज्ञ रेमा हॅना, एस्थर डुफ्लो आणि मायकेल ग्रीनस्टोन यांनी ओडिशातल्या ४४ गावांत सुमारे २,६०० कुटुंबांचा चार वर्षांपर्यंत मागोवा घेतला. धुराडं असलेल्या मातीच्या सुधारित चुलींमुळे पहिल्या वर्षी श्वासात जाणारा धूर घटला. पुढे तो फायदा विरला. चुली नियमित वापरल्या जात नव्हत्या, त्यांची डागडुजी होत नव्हती. सरपणही वाचलं नाही.

याचा दोष स्वयंपाक करणारीच्या माथी मारणं अन्यायाचं आहे. तिचा तवा, तिचं सरपण आणि तिची घाई लक्षात न घेता केलेली रचनाच अपुरी आहे. जुनी चूल आंघोळीच्या पाण्यासाठी शेजारी पेटतीच राहते, हेही हिशेबात धरायला हवं.

म्हणून सरकारने आणि संस्थांनी चुलीला मान्यता देण्याआधी ती खऱ्या घरात, श्रावणातल्या ओल्या सरपणावरही तपासावी. घरोघरी तोवर एवढं करता येईल: लाकूड बारीक फोडा, पावसाआधी आडोशाला वाळत ठेवा आणि धुराड्यातली काजळी नेमाने काढा.