सात दिवसांचे बिऱ्हाड

राष्ट्रीय सेवा योजनेचे विशेष हिवाळी शिबिर सात दिवसांचे असते, आणि त्यांतला पहिला दिवस उद्घाटनाच्या समारंभात व शेवटचा समारोपाच्या भाषणांत जातो, ही गोष्ट ज्यांनी ध्यानी घेतली असेल त्यांना, जळगाव-धुळ्याकडील एखाद्या खेड्यात ऐन थंडीत उतरलेला पन्नासएक विद्यार्थ्यांचा मेळा पाहून एक प्रश्न पडल्यावाचून राहत नाही. परक्या गावात रुळावयास माणसाला काही दिवस लागतातच. येथे तर सारे शिबिरच आठवड्याचे. तेव्हा रुळण्यात गेलेला काळ सेवेतून वजा करावयाचा, की सेवेतच जमा धरावयाचा? माझा कौल दुसऱ्या पक्षाला आहे. परंतु त्याची कारणे मांडण्याआधी ही सात दिवसांची मुदत आली कोठून, हे पाहणे इष्ट होईल.

शिक्षण घेणाऱ्या तरुणाने आपल्या आयुष्याचा काही काळ राष्ट्राच्या सेवेत घालवावा, हा विचार डॉ. राधाकृष्णन यांच्या अध्यक्षतेखालील आयोगाने स्वातंत्र्यानंतर लवकरच मांडला होता. पुढे 1959 च्या ऑगस्टमध्ये केंद्र सरकारने राष्ट्रीय सेवा समिती नेमली व तिचे अध्यक्षपद चिंतामणराव देशमुखांकडे दिले. रिझर्व्ह बँकेचा आणि देशाच्या अर्थखात्याचा कारभार पाहिलेल्या या काटेकोर पुरुषाच्या समितीची शिफारस मात्र हात आखडता घेणारी नव्हती. शालेय शिक्षण संपवून महाविद्यालयात जाऊ इच्छिणाऱ्या प्रत्येक विद्यार्थ्याने नऊ महिने ते एक वर्ष सक्तीने राष्ट्रसेवा करावी, आणि तीत शारीरिक श्रम, समाजसेवा, सामान्य शिक्षण व काही लष्करी शिक्षण यांचा अंतर्भाव असावा, असे समितीने सुचविले. खर्चाचा बोजा आणि अंमलबजावणीतील अडचणी या सबबींवर ती शिफारस दप्तरी पडली. त्यानंतर शिक्षणतज्ज्ञ सय्यदैन यांचा अहवाल आला, कोठारी शिक्षण आयोग आला, मंत्र्यांच्या व कुलगुरूंच्या परिषदा झाल्या. आणि अखेर गांधीजींच्या जन्मशताब्दीच्या वर्षी, 24 सप्टेंबर 1969 रोजी, तत्कालीन शिक्षणमंत्री डॉ. व्ही. के. आर. व्ही. राव यांनी 37 विद्यापीठांतील 40,000 विद्यार्थ्यांना घेऊन ही योजना सुरू केली. सक्ती गेली, नऊ महिन्यांच्या जागी दोन वर्षांत मिळून 240 तासांचे काम आणि एक निवासी शिबिर एवढेच उरले. या शिबिराची मुदतही पूर्वी दहा दिवसांची असे, ती सातावर आली. देशमुखांच्या कल्पनेतील प्रदीर्घ सहवासाचा जो अंश आज शिल्लक आहे, तो एवढाच.

खानदेशात ही शिबिरे ज्या विद्यापीठाच्या छत्राखाली भरतात, ते 15 ऑगस्ट 1990 रोजी जळगावास स्थापन झाले आणि 2018 पासून कवयित्री बहिणाबाई चौधरी यांचे नाव धारण करते. जळगाव, धुळे व नंदुरबार या तिन्ही जिल्ह्यांची महाविद्यालये त्याला जोडलेली आहेत. त्यामुळे एकाच शिबिरात केळीच्या बागेत वाढलेला यावल-रावेरकडचा मुलगा, शिरपूर-साक्रीच्या डोंगरपट्ट्यातील आदिवासी मुलगी आणि जळगाव शहराच्या वसाहतीतून आलेला, गावाकडे केवळ लग्नकार्यापुरता गेलेला विद्यार्थी, असे तिघे एका पंगतीला बसतात. एरवी महाविद्यालयाच्या एकाच वर्गात वर्षभर बसूनही त्यांची ओळख हजेरीतील नावापलीकडे गेलेली नसते.

पहिली रात्र बहुधा जिल्हा परिषदेच्या शाळेत उजाडते, असेच म्हटले पाहिजे. कारण झोप फारशी कोणालाच लागत नाही. बाके व्हरांड्यात काढून ठेवलेली, फरशीवर सतरंज्या आणि त्यांवर घरून आणलेल्या गोधड्या, भिंतीला एकच विजेचा बोर्ड आणि त्याच्या भोवती मोबाइल घेऊन बसलेले दहा-बारा जण. मुलींच्या खोलीत कडीची काळजी, मुलांच्या खोलीत पांघरुणांची ओढाताण. पहाटे शिट्टी होते तेव्हा बाहेर अंधार असतो आणि सातपुड्याकडून येणारा वारा कानाला झोंबतो. हापशावर बादल्यांची रांग लागते; ज्याने आजवर नळ सोडून तोंड धुतले, त्याला दुसऱ्याने हापसल्याशिवाय आपल्याला पाणी मिळत नाही आणि आपण हापसल्याशिवाय दुसऱ्याला मिळत नाही, हे कोणी न सांगता समजते. नंतर प्रभातफेरी, प्रार्थना, व्यायाम, चहा आणि श्रमदान, हा ठरलेला क्रम सुरू होतो.

श्रमदानाच्या पहिल्या दिवशी टिकाव हाती घेतलेला शहरी मुलगा तो दांड्याच्या टोकाशी दोन्ही हातांनी घट्ट आवळून धरतो आणि सारा जोर खांद्यातून लावतो. तासाभरात अंगठ्याच्या बेचक्यात फोड येतो. बांधावर उभा असलेला एखादा वृद्ध शेतकरी काही काळ पाहतो, मग खाली उतरून टिकाव आपल्या हाती घेतो, आणि उचलताना वरचा हात दांड्यावरून पुढे सरकवावा, घाव घालताना तो खालच्या हाताजवळ येऊ द्यावा आणि जोर टिकावाच्या वजनालाच करू द्यावा, हे दोन घावांत दाखवून देतो. "कोनता गावना शे तू?" एवढेच तो जाता जाता विचारतो. माझ्या समजुतीने शिबिराला खरा आरंभ या क्षणी होतो. उद्घाटनाची फीत त्यापूर्वीच कापली गेलेली असली तरी.

दुसरा असा आरंभ स्वयंपाकघरात होतो. भोजनगटाची पाळी फिरती असते आणि तीत मुलांना वगळण्याचा शिरस्ता जेथे नाही, तेथेच ती उपयोगाची. पन्नास माणसांच्या बट्ट्यांची कणीक मळणे हे मनगटाचे काम आहे, आणि वरणाला फोडणी देण्यापूर्वी मिरची किती घालावी यावरून दोन तालुक्यांच्या चवींचा जो वाद होतो, तो गटचर्चेच्या कोणत्याही विषयापेक्षा अधिक मनापासून केलेला असतो. गावातून कोणी भरताची वांगी पाठवितो, कोणाच्या घरून कळण्याच्या भाकरी येतात. तिसऱ्या दिवशी अंग दुखते, घरची आठवण येते, कोणी बापाला फोन करून घेऊन जायला सांगतो; आणि चौथ्या दिवशी त्याच मुलाला वाढपाची पाळी चुकलेली खपत नाही. हा पालट भाषणाने होत नाही. पाळीने होतो, पंगतीने होतो.

ही गोष्ट खानदेशाला अपरिचित नाही. साने गुरुजी 1924 ते 1930 या काळात अंमळनेरच्या प्रताप हायस्कुलात शिक्षक होते आणि तेथील छात्रालयाची जबाबदारीही त्यांनी सांभाळली. मुलांच्या खोल्या ते स्वतः झाडीत, अस्ताव्यस्त पडलेले सामान नीट लावीत, आणि ‘छात्रालय दैनिक’ या नावाचे हस्तलिखित पत्र रोज लिहून मुलांसमोर ठेवीत. परगावाहून आलेली, घर सुटल्याने बावरलेली मुले त्या इमारतीत कशी नांदू लागतील याची ती तजवीज होती; उपदेशाचा भाग तीत शेवटी येई. आजच्या शिबिरात भित्तिपत्रक लिहिले जाते आणि प्रत्येक स्वयंसेवकाला आपली दैनंदिनी भरावी लागते. पुष्कळदा ती गुणांसाठी, समारोपाच्या आदल्या रात्री एका बैठकीत भरली जाते, याचे मला वाईट वाटते. कारण त्या त्या रात्री लिहिलेल्या चार ओळींत जे उतरते, ते नंतर आठवून लिहिता येत नाही.

पुढे 1936 च्या डिसेंबरात जळगाव जिल्ह्यातल्या, म्हणजे तेव्हाच्या पूर्व खानदेशातल्या, फैजपूर येथे राष्ट्रीय सभेचे खेड्यातील पहिले अधिवेशन भरले. अध्यक्षस्थानी जवाहरलाल नेहरू होते, आणि नंदलाल बोस यांनी स्थानिक साधनांनी सजविलेले टिळकनगर शेतांच्या मधोमध उभे राहिले. साने गुरुजींनी त्यासाठी जिल्हाभर पायपीट केली. शहरात वाढलेल्या कार्यकर्त्यांनी खेड्यात येऊन राहावे, खेड्याचे खावे व खेड्याच्या सोयीगैरसोयीत दिवस काढावे, ही त्यामागील गांधीजींची दृष्टी होती. आणि थंडीच्या त्याच दिवसांत त्याच परिसरात शिबिराला जाणाऱ्या विद्यार्थ्यांना हा इतिहास कोणी सांगत नसेल, तर सांगितला पाहिजे.

मात्र येथे एक सावधगिरी बाळगावी लागते. आपण गावाला श्रमाचे महत्त्व पटवून देण्यास चाललो आहोत, असा भाव उद्घाटनाच्या भाषणांतून नकळत डोकावतो, आणि तो खानदेशात तरी अत्यंत अप्रस्तुत आहे. पांझरेच्या खोऱ्यात शतकानुशतके फड पद्धत चालत आली. नदीवर बंधारा घालून पाटाने पाणी वळवावयाचे, भिजणाऱ्या जमिनीचे फड पाडून एका फडात एकच पीक घ्यावयाचे, पाण्याचे वाटप पाटकऱ्याने करावयाचे, राखणीला जागल्या, देखरेखीला हवालदार, आणि पाटातील गाळ काढण्याचे व डागडुजीचे काम लाभधारकांनी आपसांत वाटून घ्यावयाचे, अशी ती व्यवस्था. सरकारचा हुकूम नसताना, प्रमाणपत्र नसताना, शेकडो माणसे ठरल्या वेळी पाट उपसावयास कशी येत, हा विषय बौद्धिक सत्रात ठेवावा आणि तो मांडण्यास बाहेरचा वक्ता न आणता गावातीलच जाणत्या माणसास बसवावे. साक्री तालुक्यातील बारीपाडा या लहानशा गावाने चैत्राम पवार यांच्या पुढाकाराने आपले जंगल राखून दाखविले, आणि 2025 साली पवारांना पद्मश्री मिळाली. अशा जिल्ह्यात शिबिरार्थीची पहिली भूमिका शिकणाऱ्याची असणेच शोभते.

कामाची निवडही याच नम्रतेने व्हावयास हवी. सिमेंटच्या रिकाम्या गोण्यांत माती-वाळू भरून ओढ्यावर रचलेला वनराई बंधारा हे शिबिरांचे आवडते काम. ते चटकन दृष्टीस पडते आणि त्याचे छायाचित्र चांगले येते. पण या बंधाऱ्याचा सारा गुण पाऊस सरल्यावर ओढ्यातून वाहणारे पाणी अडविण्यात आहे. परीक्षा आटोपून शिबिर भरते डिसेंबर-जानेवारीत, आणि तोवर ज्या ओढ्याची धार तुटली, त्यावर रचलेल्या गोण्या पुढच्या उन्हाळ्यात फाटून जातात, एवढेच निष्पन्न होते. अशा गावी शोषखड्डे खणावेत, पुढच्या पावसाळ्यासाठी डोंगरउतारावर समतल चर काढावेत, घरोघर जाऊन पाहणी करावी. कोणत्या ओढ्याला कोणत्या महिन्यापर्यंत पाणी असते हे गावाला पाठ असते. ते आधी विचारण्याइतकी सवड मात्र काढली पाहिजे. योजनेच्या आरंभीच्या वर्षांत, 1972 च्या दुष्काळानंतर, ‘दुष्काळाविरुद्ध युवक’ हा शिबिरांचा विषय होता. त्या वेळी काम शोधावे लागत नव्हते, समोर पसरलेले होते. आज ते विचारून ठरवावे लागते.

सारांश, रुळण्याचे तीन दिवस टाळता येणारे नाहीत आणि टाळूही नयेत. पण ज्या गोष्टी त्या दिवसांत निष्कारण जीव खातात, त्यांचा बंदोबस्त आधी होऊ शकतो. मुलींसाठी शौचालय व न्हाणीची आडोशाची जागा, कडीकुलूप, पाण्याची टाकी, आजाऱ्याला तालुक्याला नेण्यासाठी वाहन, हे कार्यक्रम अधिकाऱ्याने सरपंच व मुख्याध्यापक यांच्यासमवेत जागेवर जाऊन पाहावे. एकच गाव काही वर्षे दत्तक राहते. म्हणून आदल्या वर्षी त्याच गावी राहून आलेल्या द्वितीय वर्षाच्या चार-पाच स्वयंसेवकांना, त्यांचे प्रमाणपत्रापुरते शिबिर पुरे झाले असले तरी, एक दिवस अगोदर पुढे पाठवावे. हापसा कोणत्या वेळी मोकळा असतो, सरपण कोठून आणावयाचे, कोणाच्या ओट्यावर संध्याकाळी माणसे जमतात आणि कोणत्या घरी वृद्ध एकटेच राहतात, हे त्यांना ठाऊक असते; नव्यांची गाडी पोहोचेल तेव्हा चूल पेटलेली असेल आणि दुसऱ्या दिवशी सकाळी कोणाच्या बांधावर उतरावयाचे हे त्या बांधाच्या धन्याशी बोलून ठरलेले असेल.