दोन घरचे विद्यार्थी

दोन घरचा पाहुणा उपाशी, ही म्हण विद्यापीठ व कंपनी या दोन्ही घरीं वावरणाऱ्या संशोधकास लागू पडते काय? फ्रान्समध्यें १९८१ सालापासून चालत आलेल्या 'सीफ्र' योजनेंत डॉक्टरेटच्या विद्यार्थ्यास तीन वर्षें कंपनी वेतन देते, कंपनीस सरकार अनुदान देतें आणि मार्गदर्शन विद्यापीठाच्या प्रयोगशाळेंत मिळतें. नोंदींच्या राशींतून नियम शोधणाऱ्या डेटा सायन्सच्या अभ्यासकास ही सोय मोलाची आहे. कारण लक्षावधि व्यवहारांच्या खऱ्या नोंदी बहुधा कंपन्यांजवळच असतात. पेंच आहे तो गुप्ततेचा. ज्या नोंदी इतर विद्वानांस पाहतां येत नाहींत, त्यांवरून काढलेला निष्कर्ष पडताळावा कसा? म्हणून काय प्रसिद्ध करावयाचें, हें आरंभींच करारांत ठरावें. एरव्हीं विद्यार्थ्याचें पोट भरेल, पण विद्या उपाशी राहील.